वहीद सरांची रविवारची लग्नं

हे मी सांगायचं नव्हतं. वहीद सरांनी जिन्यात थांबवून बजावलं होतं, "प्रज्ञा, कोणाले सांगू नको." पण बोलणाऱ्या माणसाचे किस्से बोलता बोलता संपतात. माझ्यासारखीकडे ते नुसते साचत जातात. मी नववीत आहे. आईची दवाखान्यातली ड्यूटी सातला संपते, तोवर मी जठारपेठेत सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसते. कोपऱ्यात बसलं की सगळं ऐकू येतं.

सर फ्लॅश शिकवतात. वेबसाइटवर चित्र हलवायचं, बटन दाबलं की फूल उमलवायचं, त्याचं हे सॉफ्टवेअर. बारा वर्षं सरांनी दुसरं काही शिकवलं नाही.

*

लोडशेडिंग असलं की सर जुन्या वह्या वाटायचे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चेंडू काढायचा, दर पानावर थोडा खाली. मग पानं भरभर सोडली की चेंडू पडतो! एकदा सगळे असे रंगले की पंखा फिरायला लागला तरी कोणी मान वर केली नाही. शेवटी आमच्यात सगळ्यात मोठा असलेला संतोषदादा म्हणाला, "सर, लाईन आली!"

सर म्हणाले, "येऊ दे तिले. बसंल बाजूले. आपला चेंडू कुठं पडला अजून?"

*

बार्शीटाकळीच्या एका बियाणंवाल्या काकांची वेबसाइट सरांनी बनवली. साइट उघडेपर्यंत पडद्यावर कापसाचं बोंड हळूहळू फुटायचं. पूर्ण फुटलं की मग दुकान दिसायचं. काकांनी ते पाच वेळा पाहिलं. फार वेळ लागतो म्हणून आता ओरडणार, असं सरांना वाटलं.

काका म्हणाले, "सर, दुकानाचं राहू द्या. हे बोंडच जास्त वेळ दाखवा. यंदा वावरात तं फुटलंच नाही, इथं तरी पाहू!"

*

दिवाळीनंतर तेच काका जावयाचा नवा टचस्क्रीन फोन घेऊन आले. बोंडाच्या जागी नुसता पांढरा चौकोन!

"सर, दुकान कुठं गेलं?"

सरांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. मग रुमालाने काच पुसली. मग म्हणाले, "नवा हाय ना फोन. सवय नाही त्याले अजून!"

काका गेल्यावर संतोषदादाने नेटवर वाचलेलं सांगितलं. या नव्या फोनांवर फ्लॅश चालत नाही, आणि हळूहळू कॉम्प्युटरवरूनही जाणार.

*

मग त्याच्या जागी येणार काय, यावर आठवडाभर वाद चालला. संतोषदादा म्हणायचा, "एचटीएमएल फाइव्ह!" त्यात कॅनव्हास असतो, पण ब्रश नसतो. चित्र हाताने काढायचं नाही, कोड लिहून सांगायचं. सरांना ते पटेना. "ज्यात हातच चालत नाही, थे काय फ्लॅशची जागा घेईन?"

संतोषदादाने चाळीस ओळी लिहून चेंडू केला. चेंडू पडला, पडद्याच्या तळातून खाली गेला आणि परत आलाच नाही. सरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "चाळीस ओळी लिहिल्या आन् चेंडू हारपवला लेकानं!"

सगळे हसले. सर सगळ्यात जोरात हसले आणि सगळ्यात आधी थांबले.

*

त्यानंतर सर दर रविवारी लग्नाला जाऊ लागले. आधी चुलतभावाचं, मग मावसभावाचं, मग त्याच्या साळ्याचं. रविवारचा क्लास बंद. संतोषदादा म्हणाला, "सर, तुमच्या घरात लग्नाचं पोरगं उरलं का नाही एखादं?"

एकदा क्लासमधल्या रुबीनादीदीने डोळे बारीक केले. सरांसमोर इतकं बोलायची हिंमत तिचीच. "सर, हा मोहरम चालू आहे. आपल्यात मोहरममध्ये कोण लग्न करतं?"

सर मग म्हणाले, "म्हणून तं पाहाले जाऊन राहिलो, कोण करून राहिलं थे!"

*

आई आणि मी एका रविवारी अमरावतीला मावशीकडे गेलो होतो. मावसबहिणीला कॉम्प्युटर क्लास लावायचा होता, म्हणून तिथल्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. आई ऑफिसात बोलत होती. मी वर्गाच्या उघड्या दारातून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर वहीद सर! मांडीवर वही.

शिकवणाऱ्या वैशाली मॅडम होत्या. त्या जवळ आल्या तसे सर उभे राहिले. मॅडम अगदी लाजल्या. "सर, तुम्हीच मला माऊस धरायला शिकवलं. तुम्ही कशाला उभे राहता?"

"मॅडम, क्लास म्हणजे क्लास."

सरांनी चेंडूचा प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा लिहिला होता. दोन पानं भरून. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, एवढं लागत नाही. चेंडूला एकदा नियम सांगायचा. मग तो आपला आपण पडतो, आपला आपण उसळतो."

सरांनी ती दोन पानं पुन्हा उलटून पाहिली. "एवढं सोडून द्यायचं त्याले?"

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "कोणाले सांगू नको. सरालेच येत नाही म्हटलं तं पोरं जातील."

मी म्हणाले, "मी कोणाशी बोलतच नाही, सर."

"हो ना. म्हणून तं तुही चिंता नाही."

घरी येईपर्यंत बसमध्ये मी त्यावरच विचार करत होते.

*

पोरं तरीही गेली. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. संतोषदादा पुण्याला कंपनीत लागला, कारण यंदा त्यांच्या वावरात काही पिकलंच नाही. रुबीनादीदीचं नागपूरला लग्न जमलं. बाकीचे यायचे, मग एक दिवसाआड यायचे, मग नाही. आता लपवायचं कोणापासून, म्हणून लिहितेय.

गेल्या सोमवारी क्लासमध्ये मी एकटीच होते. सरांनी फळ्यावर नव्या विषयाचं नाव लिहिलं, एचटीएमएल फाइव्ह. मग नेहमीसारखं हजेरीचं रजिस्टर उघडलं, पण वाचलं नाही. उठले आणि माझ्यासमोर आणून ठेवलं. "तू घे."

मी बारा नावं वाचली. प्रत्येक नावानंतर थांबले. फक्त माझ्या नावाला मीच हात वर केला. खाली, सरांच्या वळणदार अक्षरात, तेरावं नाव होतं. ते आधी ओठांतल्या ओठांत वाचलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाले, "वहीद."

सर उभे राहिले. "हजर." मग अकरा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून मला विचारलं, "बसू कुठं?"

मी माझ्या शेजारच्या खुर्चीवरचं दप्तर उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांना

हो आई, आले, खाली येतेच, एवढं लिहून. सरांना म्हणाले, "बसा इथं."