काळी दोनचा सायलेन्सर

संगीताचा अपमान करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या कोपरखैरण्याच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या ट्रकवाल्याची सर कोणालाच येणार नाही. मी शाळेत गाणं शिकवतो आणि संध्याकाळी घरी पेटीच्या शिकवण्या घेतो. एवढ्या एका गुन्ह्यासाठी या गृहस्थाने मला ट्रकचा सायलेन्सर निवडण्याच्या कामाला जुंपलं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये म्हणे इंजिनाचा दम कोंडतो आणि कांदा भरून घाट चढताना गाडी रडते. म्हणून तो तुर्भ्याच्या गॅरेजांतून नवनवे सायलेन्सर बसवून आणायचा, ट्रक माझ्या खिडकीखाली लावून रेस द्यायचा आणि खालून विचारायचा, "मास्तर, यो कंचा सूर हाय?" वर माझी विद्यार्थिनी भूप घोळवत असायची. मी संतापून "काळी दोन" म्हणायचो, आणि हा त्याहून खालचा सूर शोधायला पुन्हा तुर्भ्याला.

एका रविवारी तर त्याने मला गॅरेजातच स्टुलावर बसवलं. मिस्त्री एकेक सायलेन्सर चढवत होता, हा रेस देत होता आणि मी धूर गिळत सूर सांगत होतो. आतल्या जाळ्या काढून मोकळं केलेलं एक नळकांडं मला शुद्ध अत्याचार वाटलं. याचा चेहरा मात्र खुलला. "आता कुटं गाडी बोलतेय," म्हणाला. त्या आवाजावर सोसायटीने मीटिंग घेतली, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "मास्तरांनी पास केलाय." सगळी सोसायटी माझ्याकडे बघू लागली. मी आयुष्यात कधी वशिल्याने विद्यार्थी पास केला नाही, आणि इथे सायलेन्सर पास केल्याचा ठपका माझ्यावर आला.

मी भांडायलाच त्याच्या दारात गेलो. त्याने मला आत घेऊन दार लोटलं. "गेर मी कानानं टाकतो, मास्तर. बारीक आवाज आता ऐकू येत नाय. जाडा, खालचा येतो तवर चालवीन. तो बी गेला तर स्टेरिंग सोडायचं. तुमी पेटीवर बगा ना, कुटवर ऐकू येतंय ते."

त्याला वर आणून मी वरून खाली एकेक सूर वाजवला. प्रत्येक सुराला तो मान हलवत होता, पण नजर माझ्या बोटांवर होती. मला शंका आली. मी भाता बंद ठेवून नुसतीच पट्टी दाबली.

"हां. यो बरा हाय."

इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा हेच कळेना. सूर वाजलाच नव्हता, हे मी त्याला कानाशी ओरडून सांगितलं. "गनपतीपर्यंत तरी चालवू?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं.

ट्रक त्याने विकला. विकताना कंपनीचाच सायलेन्सर परत बसवला, घेणाऱ्याला तरास नको म्हणून. आता संध्याकाळी तो वर येतो, पेटीच्या लाकडावर तळहात टेकवून बसतो आणि म्हणतो, "वाजवा." मी सगळ्यात खालचा सूर धरतो. तो डोळे मिटून मान हलवतो, आणि शिकवणीची मुलं दारात येऊन उभी राहिली तरी मला तो सूर सोडवत नाही.