बजरंग गवंड्याची परमुलखातली भिंत

बजरंग गवंडी उभ्या आयुष्यात परळीच्या पुढं गेला नव्हता. तोच नेपाळात एक पडकी शाळा दुरुस्त करायला निघाला, तेही फुकट! वडवणीजवळच्या त्याच्या गावात चहाच्या टपरीला चार दिवस दुसरा विषय नव्हता.

"घरची मोरी तीन वर्सं गळती," भाकऱ्या बांधत ताराबाई म्हणाली, "अन् हे निघाले परमुलकात साळा बांधाय! मलाबी नेपाळात ठिवा, म्हंजी मोरी तरी व्हईल."

बायकोचा टोमणा बजरंग एरवी पदक मिळाल्यासारखा मिरवायचा. आज हसला नाही. शेजारच्या भिमाबाईची नात चैताली ओट्यावर बसून बघत होती.

चार वर्षांपूर्वी गावच्या शाळेची भिंत कोसळली, तिच्याखाली चैतालीचा डावा पाय सापडला. तो सरळ झालाच नाही. भिंत बजरंगनं त्याच वर्षी बांधलेली. साल दुष्काळाचं, टँकर आठवड्यातून एकदा; माणसांना प्यायला नाही तिथं भिंतीवर कोण मारणार पाणी? "तुजा काय दोष, बाबा," भिमाबाईसुद्धा म्हणाली. पण गिलाव्याआधी बजरंगनं नखानं सांधा खरवडला होता आणि भुगा हातात आला होता. त्यानं वरून गुळगुळीत गिलावा चढवला. हे ताराबाईलाही ठाऊक नव्हतं. एक भिंत तरी पक्की बांधायची, एवढ्यासाठी तो निघाला होता.

बरोबर हे दुरुस्तीचं काम काढलेल्या एका संस्थेच्या मोहिनीताई आणि पुण्याची आठ कॉम्प्युटरवाली मंडळी. ही मंडळी वीट उचलायच्या आधी तिच्यासोबत फोटो काढत. नेपाळातल्या त्या शाळेमागून डोंगरातला ओढा रात्रंदिवस वाहत होता. बजरंग त्याच्याकडं आ वासून बघत राहिला.

"ह्याचा व्हॉल्व कुटं हाय?"

व्हॉल्व नव्हता. मग काय! बजरंगनं भिंत उभी केली आणि बाळंतिणीला घालावं तसं तिला सकाळ-संध्याकाळ न्हाऊ घातलं. चार वर्षांचं राहिलेलं पाणी तो बादल्यांनी फेडत होता.

"दाजू, इतना पानी मत मारो," तिथला गवंडी धनबहादूर त्याला थोरला भाऊ मानून म्हणाला. "यहाँ रात को पाला पडता है, पानी जम जाता है."

"अबे, पाण्याबिगर सिमेंट मरतं. ते मला इचार!"

सहाव्या दिवशी सकाळी भिंत साखर पेरल्यासारखी चमकत होती. मंडळींनी फोटो काढले. बजरंगनं नख लावलं. भुगा. सांध्यातलं पाणी गोठलं होतं, आणि गोठता गोठता त्यानं सिमेंट फोडलं होतं.

"उद्या उद्घाटन आहे, मामा," मोहिनीताई हळूच म्हणाल्या. "वरून गिलावा करून घ्या ना. कुणाला कळणार आहे?"

बजरंगनं पहार उचलली. दुपारपर्यंत विटा जमिनीवर होत्या. मोहिनीताईंनी फोन करून उद्घाटन रद्द केलं. धनबहादूर पहिल्यापासून शेवटपर्यंत विटा वाहत होता. त्यानंच सांगितलं की आता थंडी सरेपर्यंत इथं भिंत उभी राहणार नाही. मुलं दारात उभी राहून बघत होती. त्यांना ताडपत्री बांधून देऊन सगळे परतले.

घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आत चैतालीनं विचारलं, "झाली का मामा भिंत?"

"न्हाई. पाडली मीच."

"कावून?"

"नखानं भुगा निघत व्हता."

"मग पोरं कुटं बसत्यात?"

"ताडपत्रीखाली. थंडी लई हाय तितं."

चुलीपुढं ताराबाई भाकरी थापत होती. "घ्या! मोरी ऱ्हायली, साळाबी ऱ्हायली," ती म्हणाली.

चैतालीनं त्याच्या नखांकडं बघितलं. "आमच्या साळंच्या भिंतीचा बी भुगा निघत व्हता का, मामा?"

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"निघत व्हता," बजरंग म्हणाला. "मला ठावं व्हतं."

चैतालीनं डावा पाय दोन्ही हातांनी धरून फ्रॉकखाली ओढून घेतला. मग भिंतीला धरत उठली आणि आपल्या घराकडं गेली. तव्यावरची भाकरी करपली, तरी ताराबाईनं ती उलटली नाही.