टाक्यांजवळच्या चुण्या

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते रोजचंच काम होतं. आंघोळ करून बायको पलंगाच्या काठावर बसली. मी चष्मा लावला आणि तिच्या छातीवरचे व्रण बघितले. टाके केव्हाच निघाले होते, जखम भरली होती. स्तनांखालची आडवी रेघ अजून लाल होती. बगलेकडं जिथं ती रेघ संपते तिथं कातडी गोळा होऊन टोक वर आलेलं, डावीकडं जरा जास्त. मधल्या उभ्या रेघेवर बारीक चुण्या.

"आज कसं आहे?" तिनं विचारलं.

"कालच्यासारखंच."

"काल कसं होतं?"

"नवशिक्यानं बाही जोडल्यासारखं."

"तुमच्या तोंडावर कुणी टाके घातले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि हसली. मी बोटानं मलम लावलं. तिनं दवाखान्यातला घट्ट पट्टा चढवला, पुढचे हूक मी लावले. मग ती स्वयंपाकघरात गेली. दुपारी मेथी निवडता निवडता कलंडली. दवाखान्यात नेलं तोवर संपलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनमुळं का, म्हणून मी तोंडावर विचारलं. त्यांनी कागद बघितले, नाही म्हणाले. मला ते पटलं.

मी शिंपी. आमचे जुने लोक कापड रंगवायचे, छापायचे. ते माझ्या आजोबांबरोबर गेलं. मी इथं कानडी मुलुखात, मेटगळ्ळीत, कारखान्याच्या कामगारांचे कपडे शिवले, चौथीपर्यंत शिकलेल्याला तेवढं पुरे होतं. बायकोचे ब्लाऊज मात्र मीच शिवायचो. तिची छाती फार जड होती. खांद्यावर पट्ट्यांचे खड्डे पडलेले, उन्हाळ्यात खाली कातडी सोलायची, मान दुखायची. साठी उलटल्यावर एक दिवस म्हणाली, कमी करून घेते. दुखतं म्हणून का, मी विचारलं. दुखतं ते आहेच, म्हणाली, पण अहो, खोटं कशाला बोलू, एकदा मला नीट दिसायचंय. सगळा जन्म पदर ओढण्यात गेला.

मी म्हटलं, आयतु, कर. झालं म्हणायचं असलं की आम्ही कानडीच बोलतो.

पण कुणाला सांगायचं नाही, ही तिची अट. मुलीला तर नाहीच. आमची मुलगी कुवेंपुनगरात राहते, नोकरी करते. टीव्हीवर एक म्हातारी नटी बघून ती एकदा म्हणाली होती, "या वयात कातडी ओढून घेतली, कुणाला दाखवायचंय?" आणि खूप हसली होती. बायको तेव्हा तिच्याबरोबर हसली. नंतर मला म्हणाली, हिला कळलं तर मी मेले. म्हणून आम्ही सगळीकडं हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. मुलगी डबा घेऊन यायची तेव्हा ही शाल पांघरून बसायची आणि पोटावर हात ठेवून कण्हायची. पोटाला काहीही झालेलं नव्हतं.

चुण्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा ती घाबरली नाही, चिडली. एवढं करून हे? नव्या शिवणीला चुण्या आल्या तर आमच्या घरात काय करतात ते तिला ठाऊक होतं. ओलं फडकं टाकायचं, तांब्यात गरम पाणी भरून त्याचं बूड वरून फिरवायचं, शिवणीची दोन्ही टोकं धरून ताण द्यायचा. इस्त्री घरात यायच्या आधीची पद्धत. तिनं छातीवरही तेच केलं. तांब्या ती फिरवत होती, टोक मला धरायला लावलं. भाजतंय का विचारलं तर म्हणाली, काहीच नाही. संध्याकाळी तिथं फोड आला.

डॉक्टरीण बाई तरुण, कानडीत बोलणारी. आधी तिला कळेचना, तांब्या कसला. कळल्यावर हसली, मग रागावली. तिथली कातडी अजून बधिर आहे, भाजलं तरी समजणार नाही, म्हणाली. अज्जी, हे कापड नव्हे, हे सजीव आहे. मोठी कड छोट्या कडेला जोडली की जास्तीचं कुठंतरी बसणारच. सूज उतरेल, कातडी आक्रसेल, बरंचसं आपोआप सपाट होईल, महिने लागतील. टोकं राहिलीच तर नंतर जरासं कापता येतं, आत्ता हात लावायचा नाही. सुम्ने राहा. सुम्ने म्हणजे गुपचूप.

बायको रिक्षात म्हणाली, "सुम्ने राहा म्हणे. सगळ्या जन्मात मला हे एकच सांगितलंय सगळ्यांनी." पण राहिली. फोड बरा झाला. उजव्या बाजूच्या चुण्या विरायला लागल्या होत्या, हे खरं. मी ते तिला बोललो नव्हतो, कारण ती डावीकडचंच विचारायची.

तिला दवाखान्यातून घरी आणल्यावर आंघोळ घालायला बायका आत गेल्या. माझी थोरली बहीण, भावजय आणि मुलगी. सवाष्ण गेली, भाग्याची, असं बाहेर चाललेलं. हिरवं लुगडं मीच काढून दिलं. चुण्यांचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. बहीण बाहेर आली ती तोंडाला पदर लावून.

"हर्निया म्हणालास ना रे? हर्नियाची चीर छातीवर असते होय?"

मी आतलं दार ओढून घेतलं.

"दोन्हीकडं! कातडी पार गोळा झालीय. एवढा मोठा रोग आणि सख्ख्या बहिणीला सांगितलं नाहीस?"

भावजय म्हणाली, "भावजी, तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही हो. देवमाणूस."

संध्याकाळी तिला अग्नी देऊन आलो तोवर अख्ख्या गल्लीत कॅन्सर झालेला होता. शेजारचा कानडी म्हातारा माझा हात धरून बसला. मला लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नाही. तिला हसण्यापेक्षा तिच्यासाठी रडतायत, रडोत. बायको असती तर म्हणाली असती, राहू द्या, बरं झालं.

पण मुलगी रडत नव्हती. ती भिंतीला टेकून फोनवर काहीतरी वाचत होती. मग माझ्याजवळ आली.

"अप्पा, आईला केव्हा कळलं?"

"काय?"

"आईला कॅन्सर असला तर मुलीला तपासून घ्यावं लागतं. मला आणि माझ्या पोरीलाही. मी उद्या सकाळचं ठरवलंय." तिचा हात तिच्या स्वतःच्या छातीवर होता, तिला ते कळतही नव्हतं.

माणसं बसलेली होती आणि मी शब्द दिलेला होता. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी चप्पल घालून दारात उभी होती, रिक्षा आलेली. मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला सांगितलं, बेडा, नको, जा. तो कुरकुरत गेला. मुलीला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं.

"तिला कॅन्सर नव्हता. जड होते म्हणून कमी करून घेतले. चांगलं दिसावं म्हणूनही घेतले. चुण्या होत्या त्या शिवणीच्या, हळूहळू जाणार होत्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू हसली असतीस म्हणून."

ती चप्पल काढून खाली बसली. मला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, "बरी दिसत होती का ती? त्यानंतर?"

"हो," मी म्हटलं. "ताठ चालायची."

तेव्हा ती रडली. मी तिथंच उभा राहिलो, मला जवळ बसता येत नाही. थोड्या वेळानं दार उघडून बाहेर आलो. बहिणीनं घरून फ्लास्कमधून कॉफी आणली होती. कप पुढं करत ती म्हणाली, "फार सोसलं रे बिचारीनं. किती दिवस होता तो रोग?"

माझ्या ओठांवर खरं आलं होतं. मी कप घेतला, तिला साखर कमी आहे म्हणून सांगितलं, आणि उभ्या उभ्या सगळी कॉफी पिऊन टाकली.