किल्लीवाल्याचे शेवट

गल्लीत तिला भिंग म्हणत. तिच्या तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर सगळे ताईच म्हणायचे, कारण तेवढी अक्कल सगळ्यांना होती.

तयार कपड्यांच्या कारखान्यात तिची उभी हयात गेली. काम एकच. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायची आणि शेवटच्या टाक्याला गाठ आहे की नाही ते बघायचं. शिवणाऱ्या बाया सुरुवात झोकात करायच्या, मधे हात भरभर चालायचा, आणि शेवटाला जेवणाची घंटा झाली की दोरा तसाच लोंबता सोडून पळायच्या. असा शर्ट ताईच्या हाताखालून कधी सुटला नाही. पुढे ही सवय तिच्याबरोबर घरी आली. कुणी हसत दारात उभं राहिलं, की हा हसतोय कशाला, हे ती आधी मनात ताणून बघायची. दूधवाला वेळेवर आला तर त्या दिवशी दूध दोनदा निरखायची.

आणि अशा बाईला डोळ्यांनीच दगा द्यावा! डोळ्यात दाब वाढतो, तो आजार. कळेपर्यंत डाव्या डोळ्याची नस सुकून गेलेली. उजव्याने धुक्यातून बघावं तसं दिसायचं, तेवढ्यावर सगळा संसार. सिनेमागृहाच्या अंधारात एकदा पायरी चुकली, तेव्हापासून सिनेमा बंद. आणि सिनेमा म्हणजे तर तिचा जीव की प्राण.

तोड काढली तिच्या धाकट्या भावाने. बाजाराच्या तोंडाशी त्याची किल्ल्या बनवायची टपरी होती आणि बिऱ्हाड ताईच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. सुट्टीच्या दिवशी तो दुपारचा खेळ बघायचा आणि संध्याकाळी खाली येऊन ताईच्या खाटेशी बसून अख्खा सिनेमा सांगायचा. सांगायचा म्हणजे कसा! घोडा आला की मांडीवर टापा वाजवायच्या, दार करकरलं की घशातून आवाज काढायचा, नायिका रुसली की स्वतःची मान वेळावायची. टक्कल पडलेला, झुपकेदार मिश्यांचा माणूस, पण रुसायचा झकास.

घोळ झाला तो शेवटांचा.

"मग तो धक्क्यावर उभा राहतो," किल्लीवाला सांगत होता, "समुद्रात लांबून एक होडी येते. हरवलेला भाऊ त्यात आहे की नाही, कुणाला ठाऊक. होडी जवळ येते... आणि संपला सिनेमा."

"संपला म्हणजे?"

"संपला. अंधार. नावं यायला लागली."

"होडीत कोण होतं?"

"ते दाखवलं नाही."

ताईने उजवा डोळा बारीक केला. "दाखवलं नाही, की तू बघितलं नाहीस?"

पुढच्या खेपेला खटल्याचा सिनेमा होता. न्यायाधीश निकाल द्यायला बसले, खाकरले, आणि संपला. ताई म्हणाली, "खाकरून? अरे, सिनेमा आहे की खोकल्याच्या औषधाची जाहिरात?" मग तिने जिन्याखालून भावजयीला हाक मारली. "काय गं, हा सिनेमात झोपतो का?"

"मला नेतो कुठे, ताई, कळायला?" वरून उत्तर आलं. "घरी मात्र झोपतो हो, बोलता बोलता."

झालं. ताईचा संशय पक्का. हा शेवटाआधी डुलक्या घेतो, नाहीतर गर्दी टाळायला आधीच उठून येतो. लोंबता दोरा! किल्लीवाल्याने शपथा घेतल्या, पण आपल्या शपथांवर विश्वास बसत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? तो शेवट करायला लागला. स्वतःच.

महिनाभर ताई खूश होती. डाकू पकडले गेले, प्रेमी भेटले, बापाने लेकीला जवळ घेतलं. मग एका संध्याकाळी किल्लीवाला सांगत होता की नोकरावर चोरीचा आळ येतो, बायको दिवस दिवस वाट बघते, आणि शेवटी मालकाची जुनी तिजोरी उघडते, तर हरवलेला हार आतच.

"थांब," ताई म्हणाली. "उघडली कशाने?"

"किल्लीने. म्हणजे, मूळ किल्ली हरवलेली असते, पण एक कारागीर साच्यावरून नवी घासून..."

"मागच्या सिनेमात पेटी उघडली. त्याआधी तळघराचं दार. त्याआधी तुरुंग. ह्या सगळ्या सिनेमावाल्यांना किल्ल्या तूच करून देतोस काय रे?"

किल्लीवाल्याच्या मिश्या खाली आल्या. ताईला एवढं पुरेसं होतं. पण तिला हसू आलं नाही.

कारण तिला दवाखाना आठवला. गेल्या तपासणीला डॉक्टरांनी भावाला एकट्याला आत बोलावलं होतं आणि ती बाहेर बाकावर बसली होती. बराच वेळ दार बंद. मग भाऊ बाहेर आला तो शिट्टी वाजवत. जन्मात कधी शिट्टी न वाजवणारा माणूस! आणि म्हणाला काय? "ताई, उजवा डोळा जन्मभर साथ देणार. डॉक्टर म्हणाले, काळजीला कुलूप घाला."

कुलूप! कुठला डॉक्टर असं बोलतो?

ताईने ते शब्द धरून पुन्हा पुन्हा ताणून बघितले. शिवण उसवत होती. पण डॉक्टरांचं विचारायचं, तर आधी हा माणूस कुठून खोटं बोलायला लागतो ते कळायला हवं. आधीचे बिनशेवटाचे सिनेमे खरे होते, की तेही त्याचंच आळशी काम?

"उद्या दुपारी मला तो तिजोरीचा सिनेमा बघायचाय," ती म्हणाली.

"अगं, पायऱ्या आहेत तिथे..."

"तुझा दंड आहे ना? आणि आत गेल्यावर तोंडातून ब्र काढायचा नाही. मला सांगायला जाशील तर तिथूनच उठून घरी येईन."

दुसऱ्या दिवशी ताई त्याचा दंड धरून पायरी पायरी चाचपत खुर्चीवर जाऊन बसली. बसल्याबरोबर हात खुर्चीच्या गादीखाली गेला. "शिवण सुटलीय," ती पुटपुटली. "इथूनच सुरुवात."

पडद्यावर तिला रंगांचे ढग दिसत होते, पण कान तिखट होते. नोकर, आळ, मालकाची गुरगुर, बायकोचं वाट बघणं, सगळं किल्लीवाल्याने सांगितल्याप्रमाणेच होतं. ताईला क्षणभर बरंही वाटलं. मग बायकोने टेबलावर दोन कप ठेवले. टक, टक. जिन्यावर पावलं वाजली. वर आली, वर आली, दाराशी थांबली.

आणि शांत. दिवे लागले. लोक उठले.

किल्लीवाला उठायला लागला, तर ताईने त्याचं मनगट धरलं. "बस. अजून असेल."

"ताई, संपला."

"बस म्हणते ना!"

ते बसून राहिले. नावं वर सरकत गेली, वाजंत्री थांबली, आणि झाडूवाली बाई रांगा झाडत त्यांच्यापर्यंत आली.

"आजी, पाय वर घ्या. संपला सिनेमा."

"पुढचं रीळ कुठे लपवलंत?"

"आता रीळ नसतं, आजी."

"म्हणजे लपवायला आणखीनच सोपं!"

झाडूवाली हसून झाडूवर रेलली. "रोज असे चारदोन जण बसून राहतात. मीही विचारलं होतं मॅनेजरसाहेबांना, दारात कोण होतं म्हणून. ते म्हणाले, ते प्रेक्षकांनी ठरवायचं."

"वा! तिकीट आम्ही काढायचं आणि शेवटही आम्हीच शिवायचा?"

पण हे म्हणताना तिच्या आवाजातला जोर निघून गेला होता. म्हणजे होडीत कोण होतं ते खरंच दाखवलं नव्हतं. न्यायाधीश खरंच नुसते खाकरले होते. भाऊ खरं बोलत होता तेव्हा तिने त्याला झोपाळू ठरवलं, आणि खोटं बोलायला लागला तेव्हा चहा पाजला.

बाहेर उन्हात, पायऱ्यांच्या कठड्याशी ती थांबली. हात अजून त्याच्या बाहीवर होता. बाहीचं बटण एका धाग्यावर आलेलं तिच्या बोटांना लागलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" ती म्हणाली. "किल्ली न लावता सांग."

किल्लीवाल्याने रस्त्याकडे बघितलं, आपल्या चपलांकडे बघितलं.

"दाब आत्ता आटोक्यात आहे, म्हणाले. थेंब चुकवायचे नाहीत. डोळा टिकेलही, नाहीही टिकणार. आज सांगता येत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. मी पुन्हा पुन्हा विचारलं, म्हणून तर वेळ लागला. त्यांनाच माहीत नाही, ताई."

"मग मला तसं का नाही सांगितलंस?"

"तसं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मधेच उठून आलास!"

ताईच्या तोंडून हसू फुटलं ते इतकं मोठं, की तिकिटाच्या खिडकीतला माणूस वाकून बघायला लागला. मग ते हसू ओसरलं. ती बराच वेळ ते बटण फिरवत राहिली. डोळा जाईलही. पण हे बोलणं तिने ताणून बघितलं, आणि ते कुठे सुटलं नाही.

"हे खरं वाटतं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे आत मी जाणार. तू बाकावर बसायचं. आणि शिट्टी वाजवायची नाही, भयंकर वाजवतोस."

"बरं."

"घरी गेल्यावर हा शर्ट काढून दे. बटण पडायला आलंय."

दोघं चालायला लागले. किल्लीवाल्याला राहवलं नाही. "पण मला वाटतं, दाराशी नवराच असणार. सुटून आला असणार."

"छे. जिन्यावर दोघं होते."

"दोघं?"

"एक पाऊल जड, एक हलकं. हलकं मागे होतं, कापडी चपलेचं. तुला ऐकू नाही आलं?"

किल्लीवाला भर रस्त्यात थांबला. तो सिनेमा त्याने दोनदा बघितला होता. त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

"ताई, हे तू आत्ता रचलंस."

"रचलं, की तू ऐकलं नाहीस?" ताई म्हणाली, आणि त्याला दंडाला धरून ओढत पुढे निघाली.