सतरा नंबरचा अंक

दुरुस्तीच्या धंद्यात एक गंमत असते. नीट झालेलं काम गिऱ्हाईक घेऊन जातं आणि विसरून जातं. बिघडलेलं काम मात्र किस्सा होऊन आपल्याकडेच राहतं. सावेडीतल्या माझ्या दुकानात असे किस्से इतके साठलेत, की चार मित्र जमले की म्हणतात, "विजय, एखादा काढ." मी काढतो. ते हसतात. मीही हसतो, पण मला ते किस्से आठवले की कान गरम होतात.

आधी माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान होतं. गेली काही वर्षं मी जुनी कॉमिक्स दुरुस्त करतो. वाकडा झालेला कणा सरळ करायचा, गंजलेल्या पिना काढायच्या, फाटलेल्या घडीला पातळ कागद लावायचा आणि वजनाखाली ठेवून सपाट करायचं. दुकानात आम्ही तिघंच. मी, माझी बायको सुनंदा आणि भिंगारचे उस्मानचाचा. चाचांनीच मला बाइंडिंग शिकवलं. आता सत्तरी ओलांडलीय, तरी दुपारी सायकलवरून येतात.

मला खरं तर आज अनिलचा किस्सा सांगायचाय. अनिल माझा शाळेतला मित्र. त्याचं एक कॉमिक मी चोरलं होतं आणि मार त्यानं खाल्ला होता. ते कॉमिक त्याला परत द्यायचं आणि खरं काय ते सांगायचं, एवढंच काम होतं. पण थेट तिथं यायला धीर होत नाही. म्हणून आधी बाकीचे ऐका.

* * *

कॉमिक्सचं काम सुरू केलं तेव्हा मी हौसेनं बोर्ड रंगवून घेतला होता. "वाकड्या कण्यावर खात्रीशीर इलाज." वर पुस्तकाचं चित्र काढायला सांगितलं होतं, पण पेंटरनं ते इतकं लहान काढलं की रस्त्यावरून दिसायचं नाही.

एक दिवस राहुरीकडचे एक शेतकरी आणि त्यांची बायको आत येऊन बाकावर बसले. मी फोनवर होतो. गिऱ्हाइकाला समजावत होतो, "पाठ पार मोडलीय हो. आधी वाफ देतो, मग आठ दिवस वजनाखाली दाबून ठेवतो. नाहीच जुळली तर पाठ कापून नवी लावू."

फोन ठेवला, तर पाहुणे उभे राहिले होते. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. म्हणाले, "डाक्टर, गोळ्यांवर भागत आसंल तर बघा. न्हाईतर आमी जातो."

मला हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरून हसलो. त्यांना प्रकार कळला तेव्हा तेही ओशाळं हसले आणि बायकोच्या खांद्याला धरून हळूहळू पायऱ्या उतरले. दोन गाड्या बदलून आले होते. त्यांना साधं पाणीसुद्धा मी विचारलं नाही. ते उतरताना चाचा मात्र उठून त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले आणि रिक्षा करून देऊन आले.

* * *

बोर्ड बदलला. या वेळी मजकूर सुनंदानं दिला. "जुने कॉमिक्स प्रेस करून मिळतील." प्रेस म्हणजे दाबून सपाट करणं, हे आम्हाला माहीत. समोरच्या फ्लॅटमधल्या रिटायर्ड साहेबांना कसं माहीत असणार? त्यांनी फक्त "प्रेस" वाचलं आणि दोन शर्ट ठेवून गेले.

मी दुकानात नव्हतो. सुनंदानं घरून इस्त्री आणली आणि शर्ट करून ठेवले. संध्याकाळी साहेब म्हणाले, "कॉलर झकास झालीय."

आजही दर मंगळवारी त्यांचे दोन शर्ट येतात. त्यांना सांगायचं कसं आणि कुणी, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

* * *

पुण्याच्या एका संग्राहकानं पहिल्यांदाच मोठं काम पाठवलं. दुर्मीळ अंक होता, कडा मात्र कुरतडलेल्या. मला बाहेर जायचं होतं. मी अंक चाचांपुढे ठेवला आणि "नीट करा" एवढंच सांगून गेलो.

बाइंडरच्या भाषेत नीट करणं म्हणजे तिन्ही बाजूंनी कटिंग. चाचांनी मशीनखाली धरून तिन्ही कडा सुतासारख्या सरळ केल्या. आणि जुन्या कॉमिक्सच्या जगात कड कापणं म्हणजे अंकाचा खून. शिवाय या अंकातले संवादांचे फुगे अगदी कडेपर्यंत छापलेले. खलनायक पानापानावर म्हणत होता, "मी तुला सोडणार नाही." त्यातला "नाही" कापला गेला. आता तो हातात सुरा घेऊन म्हणत होता, "मी तुला सोडणार."

संग्राहक दुकानात येऊन ओरडला. मी हात वर केले. "मी नव्हतो हो. म्हाताऱ्या माणसाच्या हातून झालं." चाचा तिथंच बसले होते, खळ ढवळत. खाली बघून ढवळतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सायकल लावताना मात्र म्हणाले, "विजू, कटिंग मारू नका, एवढं तू सांगायला पायजे हुतं ना बेटा? मी तर कापनाराच. पन्नास वर्षं कापतोय."

माझ्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायची ही माझी पहिली वेळ नव्हती, हे चाचांना ठाऊक नव्हतं.

* * *

एक अंक सपाट होत नव्हता. माझा प्रेस त्याला पुरेना, म्हणून दोन फळ्यांत घालून घरच्या गव्हाच्या कोठीखाली सरकवला आणि साफ विसरलो. नाशिकचं गिऱ्हाईक फोन करायचं. मी आधी म्हणालो, "वाळतंय." मग म्हणालो, "लॅबला दिलंय." मग लॅब बंगळुरूला गेली. मग लॅबवाल्याच्या घरी लग्न निघालं.

दिवाळीची साफसफाई चालली होती. त्याचाच फोन आला म्हणून मी स्पीकरवर टाकून कपाट पुसत होतो. लग्न आता कुठवर आलंय ते सांगतच होतो, तेवढ्यात आतून सुनंदा म्हणाली, "अहो, कोठीखाली कॉमिक ठेवलंय का तुम्ही? मुंग्या झाल्यात."

 पलीकडून गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं, "लॅबमध्ये गहू कोणता आहे? लोकवन का?"

* * *

एका बाईंनी अंक आणला. कणा मोडला होता तो जोडायचा, बस. पण आत पाहतो तर प्रत्येक पात्राला पेन्सिलनं मिशा काढलेल्या. राजाला, प्रधानाला, घोड्याला, सगळ्यांना. मी चार दिवस मऊ रबरानं एकेक मिशी पुसली आणि त्याचे जादा पैसेही लावले नाहीत. अभिमानानं अंक हातात दिला.

बाईंनी पानं उलटली. पुन्हा उलटली. "मिशा कुठं गेल्या?"

मिशा त्यांच्या धाकट्या भावानं लहानपणी काढल्या होत्या. भाऊ परदेशात, फोनही क्वचित. त्याच्या पन्नाशीला हा अंक पाठवायचा होता, मिशांसकट. म्हणजे त्याला हसू आलं असतं, आणि मग कदाचित त्यानं फोन केला असता.

मी घाबरून म्हणालो, "काढून देतो परत." कागदावर पेन्सिलचे दाब राहिले होते, त्यावरून, आणि दाब दिसला नाही तिथं अंदाजानं, दोन दिवस बसून सगळ्या मिशा पुन्हा काढल्या. बाईंनी एकेक पान बारकाईनं पाहिलं आणि राणीच्या पानावर थांबल्या.

"हिला नव्हती," त्या म्हणाल्या. "ही आईसारखी दिसते म्हणून त्यानं सोडली होती."

* * *

आता अनिल.

अनिल भिंगारला राहतो, कँटोन्मेंटमध्ये सिव्हिलियन क्लार्क आहे. वडील तो लहान असतानाच गेले. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, ऑफिसरांच्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या आणि त्यातून दर महिन्याला त्याला एक कॉमिक घेऊन द्यायच्या. आख्ख्या वर्गात तेवढी चैन कुणालाच नव्हती. नवा अंक आला की काकू आधी त्याच्या घडीवर सुईनं सात टाके घालायच्या आणि मगच वाचायला द्यायच्या. पिना गंजतात, दोरा टिकतो, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या महिन्यात अनिल ते सगळे अंक दुकानात घेऊन आला. एक ते सोळा, आणि अठरा.

"नीट करून दे, विज्या," तो म्हणाला. "नातवाला द्यायचेत. सतरा न्हाई. तो कुठं गेला आजवर कळलं न्हाई. आईला वाटलं, मी रद्दीत घालून बर्फाचा गोळा खाल्ला. लई मारलं. अठरावा आधीच आणून ठिवलेला, तेवढा दिला. त्याच्यानंतर कॉमिक बंद. अजूनबी भांडन निघालं की म्हनती, तू लहानपनापासून खोटारडा."

मी मान खाली घालून अंक मोजत होतो. सतरावा माझ्या घरच्या कपाटात होता. आठवीत असताना त्यांच्या घरून शर्टात घालून आणलेला. ओळखू येऊ नये म्हणून दोराही मी तेव्हाच ब्लेडनं कापून काढला होता. भोकं तेवढी राहिली होती.

अनिलच्या घरी मुकाट्यानं जाऊन "हा घे, मी चोरला होता," म्हणायला दोन मिनिटं लागली असती. मी आठवडा लावला. गंज काढला, कणा दाबून सरळ केला आणि मग बसलो ती सात भोकं बुजवायला. जपानी टिश्यू कागदाचे तीळभर तुकडे, पातळ खळ, वरून छपाईचा रंग जुळवून. माझ्या हातून इतकं बारीक काम आजवर झालं नव्हतं. त्याला दुरुस्ती म्हणायला मला आज लाज वाटते. मी पुरावा मिटवत होतो.

सुनंदानं विचारलं, "कुणाचं आहे?"

"पुण्याच्या एका डीलरचं."

"आपल्या कपाटातला डीलर का?" ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती ते कपाट पुसतेय. "जाऊन सांगा अनिलभावजींना नीट."

"सांगतो," म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो. सावेडीपासून भिंगारपर्यंत स्कूटरवर तेच वाक्य घोकत गेलो.

पण अनिलनं दारातच अंक हातातून घेतला. तो इतका हरखला, की मला त्याचा चेहरा पाहवेना. "कुठं घावला रे?" त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "पुण्याला एक डीलर आहे ओळखीचा."

"आये, बघ, सतरा नंबर," म्हणत त्यानं अंक काकूंच्या हातात दिला आणि तो चहा टाकायला आत गेला. काकू उंबऱ्याजवळ मेथी निवडत बसल्या होत्या. हात पदराला पुसून त्यांनी अंक घेतला, मधलं पान उघडलं आणि दाराच्या उजेडापुढे धरलं. शिलाई तपासायला ब्लाऊज धरतात, तसं. वरून पाहिलं तर ते काम मलाही दिसत नाही. पण उजेडापुढे धरलं की बुजवलेलं भोक दाट दिसतं, हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगत असतो.

काकूंचं नख घडीवरून खाली सरकत गेलं. थांबत थांबत. मी मोजत होतो. सात वेळा थांबलं.

त्यांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. "विजू, तो डीलर भेटतो का रे तुला?"

"भेटतो कधीमधी."

"त्याला सांग, लई जपून ठिवलं त्यानं." मेथीची जुडी त्यांनी पुन्हा पुढ्यात ओढली. "आन् हेबी सांग. ह्याच्यापायी म्या अनिलला कापड मोजायच्या लोखंडी पट्टीनं हानलं हुतं. आठ दिस हातानं जेवला न्हाई त्यो."

 तेवढ्यात अनिल चहाचे कप घेऊन बाहेर आला.

"विज्या, त्या डीलरचा नंबर दे की," तो म्हणाला. "हात जोडायचेत त्या मानसाला."

काकूंनी मेथीवरची नजर वर केली नाही.

"दे की, विजू," त्या म्हणाल्या.