बांधावरचं गवत

मी भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अन्नसाखळीचा धडा आला की मुलांना रिक्षांत घालून अंजूरला, आमच्या शेतावर न्यायचे. "उजेड आधी गवतात जातो," मी सांगायचे. "गवतातून नाकतोड्यात, नाकतोड्यातून बेडकात. दर पायरीला बरीचशी ऊर्जा जगण्यातच खर्च होते, वर पोचते ती थोडीच." मुलं नाकतोडे धरत चिखलात हुंदडायची. आईची म्हैस बांधावर चरत असायची. निघताना आई सगळ्यांना तिच्या दुधाचा चहा पाजायची.

आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, तशी भावांनी आमचीही जमीन द्यायची ठरवली. वडील गेलेले, त्यामुळे कागदावर माझीही सही हवी होती. आईच्या मनात नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. मी सही केली. भावांशी वाकडं कशाला घ्या, एवढाच माझा विचार. मग आईनेही केली.

आठवड्याभरात मुरमाचा भराव पडला. बांध, गवत, बेडूक, सगळं त्याच्याखाली गेलं. आई विळा घेऊन रस्त्याच्या कडेचं गवत कापून आणू लागली. ट्रकांच्या धुळीने माखलेलं ते गवत म्हैस हुंगायची आणि तोंड फिरवायची. पेंढा होता तोवर तिने दिवस काढले. मग एका दुपारी दावं तोडून ती शेजारच्या गोदामाच्या मागे गेली आणि तिथल्या कचऱ्यात तोंड घालून उभी राहिली.

चौथ्या दिवशी तिचं पोट फुगलं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "प्लास्टिक गेलंय पोटात. फार उशीर झाला." संध्याकाळी ती मेली.

मी पोचले तेव्हा आई रिकाम्या गोठ्यात बसली होती.

"आई, चल, थोडं खाऊन घे."

"गवताचं शिकवतेस ना शाळंत?" ती म्हणाली. "कोन कोनाच्या जिवावर जगतंय, ते?"

"हो."

"तुझ्या भावांना न्हाय कळलं. तुला तर ठाव हाय. मंग सही करताना तोंड का न्हाय उघडलंस?"

भाऊ म्हणतात, आई विसरेल हळूहळू. मी दर रविवारी जाते. आई पान वाढते, आणि माझं जेवण होईपर्यंत बाहेर जाऊन बसते.