दुरुस्तीला आलेला माणूस

पांडुअण्णा स्वतःच्या घराची बेल वाजवून आत जायचे. हातात स्क्रू-ड्रायव्हर, खांद्याला कापडी पिशवी, चपला उंबऱ्याबाहेर जोडून ठेवलेल्या. दार किलकिलं झालं की मान खाली घालून विचारायचे, "टीव्हीचं काम होतं, अम्मा. येऊ का?" म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतलं ते घर त्यांनीच आयुष्यभर शिवणकाम करून बांधलं होतं आणि दार उघडणारी अम्मा ही त्यांची बायको होती.

मी पुण्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. नवी होते, सामानही पुरतं लावलेलं नव्हतं, तेव्हाच एका सकाळी वरून किंकाळी आली. "कळ्ळा! कळ्ळा!" चोराला कन्नडमध्ये काय म्हणतात एवढं मला कळत होतं. मी जिना चढून वर धावले. वर अण्णांच्या बायको, रुक्मिणीकाकू, भिंतीला पाठ लावून उभ्या, हातात पितळी तांब्या, आणि डोळ्यांत अशी भीती की मला त्यांच्याकडे बघवेना. समोर बनियनमधले अण्णा, कपाळ फुटलेलं, तेही पांढरेफटक पडलेले.

"ती झोपली की मी आत येतो नि ती उठायच्या आत रोज बाहेर पडतो, ताई," जिन्यात बसून कपाळ पुसत ते म्हणाले. "आज डोळा लागला बघा."

काकूंना तसं पुष्कळ आठवायचं. सांबारात चिंच किती घालायची, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, सगळं. नवराही आठवायचा, पण काळ्या केसांचा, दुकानातून संध्याकाळी घरी येणारा. घरात वावरणारा हा पिकल्या केसांचा म्हातारा कोण, या विचाराने त्या थरथर कापायच्या. एकदा केबल बंद पडली आणि अण्णा टीव्हीमागे वाकलेले दिसले, तेव्हा काकूंनी दारातूनच विचारलं होतं, "टीव्हीवाले का तुम्ही?" अण्णा हो म्हणाले. त्या दिवशी काकूंनी त्यांना ताट वाढलं. कामाला आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त.

त्यानंतर अण्णांनी टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणारा रेकॉर्डर बांधायला घेतला. जुन्या काँप्युटरचा उघडा सांगाडा, केबल खुपसायचं कार्ड, कुठून तरी आणलेली हार्ड डिस्क, असा सगळा संसार शिलाई मशीनच्या मेजावर मांडलेला. काकूंना हवी तेव्हा भजनं ऐकता यावीत म्हणून ही खटपट, अशी माझी समजूत. अडलं होतं ते चॅनलपाशी. डिजिटल केबलवर चॅनल शोधायला लावले की नुसते आकडे हाती येतात. एकेक लावून बघायचा, ओळखायचा, मग त्याला नाव द्यायचं. निम्म्यांना तर कुलूप, म्हणजे नुसता काळा पडदा. अण्णा दोन-चार चॅनलना नावं देत, मग काहीतरी चुकीचं बटण दाबत आणि सगळं पुसून जाई.

"आगुत्ते, ताई," ते म्हणायचे. होईल. "सुम्ने, उगाच घाई कशाला? आज नाही तर उद्या."

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. दुसऱ्याचं अर्धवट काम दिसलं की हात शिवशिवतात. एका रविवारी अण्णा भाजीला गेलेले बघून मी वर गेले, केबलवाल्याला फोन करून कुठला आकडा कुठल्या चॅनलचा ते विचारून घेतलं आणि मेजाशी बसले. अण्णा परत आले तोवर सगळे चॅनल नावासकट ओळीत लागले होते, भजन सुरू होतं आणि रेकॉर्डही होत होतं.

"झालं काम!" मी ऐटीत सांगितलं.

अण्णा भाजीची पिशवी घेऊन मेजापाशीच थबकले. काकू मात्र उठल्या, पदर सावरला आणि अण्णांना म्हणाल्या, "झालं नव्हं? मग या आता तुम्ही. आमचे हे घरात नाहीत, परक्या माणसाला बसवायचं बरं दिसत नाही."

अण्णांनी भाजीची पिशवी मेजावर ठेवली, स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि ते बाहेर पडले. मागे दाराची कडी लागली. काकू दाराशीच उभ्या, म्हणून मी गच्चीच्या दाराने धावत खाली आले, तर ते जिन्यात बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले.

"काम संपलं की रिपेरीवाला जातो, ताई," ते म्हणाले. "आत गॅस आहे. ती चालू करते, विसरते. आता कुठल्या तोंडानं बेल वाजवू? भय लागतं मला."

आल्या वाटेनेच मी वर गेले आणि लावलेले सगळे चॅनल पुसून टाकले. "काकू, चॅनल गेले की हो! टीव्हीवाल्यांना बोलवू?"

काकू जरा विचारात पडल्या. "बोलव. पण तेच पाठव, पोरी. दुसरं कुणी नको."

तेव्हापासून ते माझं कामच झालं. नावं लागत आली की मी हळूच सगळं पुसायचे आणि अण्णा तोंड पाडून "आगुत्ते, अम्मा" म्हणत पुन्हा शोध सुरू करायचे. पण भीती काही गेली नाही. वर भांडं पडलं तरी मी जिन्याकडे धावायचे. अण्णा म्हणत, "मी आधी गेलो तर कोण बेल वाजवेल, ताई?" मी विषय बदलायचे.

गेल्या थंडीत एका दुपारी काकूंनी जिन्यातून मला हाक मारली, अगदी हलक्या आवाजात. मी वर गेले. पडद्यावर शोध चालूच होता, आकडे सरकत होते. अण्णा खुर्चीत मान टाकून बसले होते, हात मेजावर. अंगावर तपकिरी शाल होती. मी मनगटाला हात लावला. ते गार होतं. मी त्यांचा खांदा हलवला.

"हळू," काकू कुजबुजल्या. "दमलेत बिचारे. थंडी वाजेल म्हणून मी ह्यांची शाल घातली त्यांच्यावर. हे रागावणार नाहीत. हे येईपर्यंत निजू दे त्यांना इथंच. ते घरात असले की मला भय लागत नाही."